खाकी आपल्या घरी येऊ द्या

(पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी व पालक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय 'पोलीस भरती : अर्जापासून प्रशिक्षणापर्यंत' असा आहे. हे नाव एखाद्या माहितीपत्रकासारखे वाटते आणि आवश्यक ती माहिती मी देणारच आहे. परंतु या सभागृहावर नजर टाकली की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. पुढच्या रांगांत बसलेले तरुण-तरुणी बहुतांशी शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या, रिक्षाचालकांच्या, छोट्या दुकानदारांच्या घरांतून आलेले आहेत. मागच्या रांगांत शहरातील सुशिक्षित, सुस्थित पालक आणि हितचिंतक बसले आहेत. या उपक्रमाला त्यांचा आशीर्वाद आहे, देणगीही आहे. मात्र त्यांची स्वतःची मुले पुढच्या रांगांत नाहीत. म्हणून मला आज दोघांशीही बोलायचे आहे. आधी पुढच्या रांगांशी, नंतर मागच्या.

चार दारे, एकच वास्तू

पोलीस दलात शिरण्याची चार दारे आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भारतीय पोलीस सेवेत जाता येते. त्यांचे प्रशिक्षण हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत होते. राज्य लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून पोलीस उपअधीक्षक होता येते. त्याच आयोगाच्या गट-ब परीक्षेतून पदवीधर तरुण उपनिरीक्षक होतो. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, शारीरिक चाचणी आणि मुलाखत असे टप्पे ओलांडून तो नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत दाखल होतो. ही संस्था १९०६ साली पुण्यातील भांबुर्डा येथे प्रशिक्षण शाळा म्हणून सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला आली. शतकाहून अधिक काळ महाराष्ट्राचे फौजदार तेथे घडत आले आहेत. तेथील दीक्षांत संचलनात सर्वोत्कृष्ट प्रशिक्षणार्थ्याच्या हाती मानाची तलवार दिली जाते, तो क्षण पाहण्यासारखा असतो.

चौथे दार शिपायाचे. बारावी उत्तीर्ण तरुण-तरुणींसाठी खुले असलेले हे दार सर्वांत रुंद आहे आणि तेथे गर्दीही सर्वाधिक आहे. आज आपण प्रामुख्याने त्याच दाराविषयी बोलणार आहोत. कारण सर्वसामान्य नागरिकाला आयुष्यात पोलीस महासंचालक भेटत नाही, त्याला शिपाई भेटतो. रात्री दोन वाजता भेदरलेली मुलगी पोलीस ठाण्याची पायरी चढते, तेव्हा समोरच्या टेबलाशी बसलेला शिपाई तिच्याशी कसा बोलतो, यावर तिच्यापुरते तरी सरकार चांगले की वाईट हे ठरते. घटनेत लिहिलेले राज्य नागरिकाला पहिल्यांदा दिसते ते शिपायाच्या चेहऱ्यात.

आणि शिपाई म्हणून आयुष्य सुरू करणारा माणूस कुठवर जाऊ शकतो, हे या शहरांना २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कळले. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती. समोर अत्याधुनिक रायफल होती. त्यांनी त्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या स्वतःच्या देहावर झेलल्या आणि कसाब जिवंत हाती लागला. पाकिस्तानचा खोटेपणा जगासमोर उघडा पडला तो त्या जिवंत पुराव्यामुळे. २००९ साली राष्ट्राने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर या अधिकाऱ्यांचे बलिदान आपण आदराने स्मरतो. त्याच रांगेत साताऱ्याकडच्या एका खेड्यातून आलेला हा पोलीस उभा आहे. वीरत्व पदाची श्रेणी पाहून येत नाही.

अर्ज हीच पहिली परीक्षा

२०२४ मध्ये शारीरिक चाचण्या झालेल्या राज्यातील भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांहून अधिक आले. याचा सरळ अर्थ असा की, शंभरजण धावले तर एकाला गणवेश मिळाला. हा आकडा घाबरवण्यासाठी सांगत नाही. उरलेल्या नव्याण्णव जणांची दोन वर्षांची मेहनत वाया जाऊ नये, अशी तयारी कशी करायची, हा आजचा खरा प्रश्न आहे, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट अर्जाची. पोलीस भरती घटकनिहाय होते. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर अशी जुनी आयुक्तालये आहेत. पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय २०१८ मध्ये आणि मीरा-भाईंदर, वसई-विरारचे २०२० मध्ये सुरू झाले. याशिवाय जिल्ह्यांचे अधीक्षक, लोहमार्ग पोलीस, राज्य राखीव पोलीस दल हे वेगळे घटक. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करायचा असतो. तेव्हा 'मित्राने भरला म्हणून मी भरला' असे करू नका. कोठे किती जागा आहेत, आपल्या प्रवर्गाच्या किती आहेत आणि त्या शहरात आपण पंचवीस-तीस वर्षे राहू शकतो का, याचा विचार करून घटक निवडा.

वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गासाठी १८ ते २८ आणि मागास प्रवर्गासाठी ३३ पर्यंत. पुरुषांची उंची किमान १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर त्यात किमान ५ सेंटिमीटरची वाढ. महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, होमगार्ड यांच्यासाठीही राखीव जागा असतात. वेळोवेळी नियमांत बदल होतात, म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचा. जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, अधिवास, दहावी-बारावीची गुणपत्रके या सर्वांवर नाव एकसारखे आहे ना आणि दाखल्याची तारीख जाहिरातीत सांगितलेल्या मुदतीत बसते ना, हे आजच पाहा. मैदानावर उत्तम गुण मिळवलेला उमेदवार कागदपत्रांच्या टेबलाशी रडताना पाहिला की पोटात कालवते. तो पळण्यात हरलेला नसतो, तहसील कार्यालयात वेळेवर न गेल्याने हरलेला असतो.

दुसरी गोष्ट नाजूक आहे, पण ती येथेच बोलली पाहिजे. निवडीनंतर चारित्र्य पडताळणी होते. आपल्यापैकी काहीजण आंदोलनांत, मोर्चांत उतरतात. कधी गुन्हे दाखल होतात. अर्जात ते लपवण्याचा मोह होतो. लपवू नका. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, तरुणपणीच्या किरकोळ प्रकरणांकडे नियोक्ता उदारपणे पाहू शकतो. परंतु माहिती दडवणे हेच नियुक्ती रद्द करण्यास पुरेसे ठरू शकते. आणि कार्यकर्त्यांनाही माझी विनंती आहे. जो मुलगा भरतीची तयारी करतो आहे, त्याला घोषणांच्या पहिल्या रांगेत उभे करू नका. त्याची राष्ट्रसेवा वेगळ्या मैदानावर चालू आहे.

तिसरी गोष्ट पैशांची. 'आमची वर ओळख आहे, दहा लाखांत काम होईल' असे सांगणारे दलाल प्रत्येक भरतीत उगवतात. बहुतेक जण निव्वळ लुबाडणारे असतात. पण क्षणभर समजा, एखाद्याचे काम खरोखर झाले. मग वडिलांनी विकलेली दोन एकर जमीन तो मुलगा कोठून वसूल करणार? पोलीस ठाण्यात आलेल्या गरिबाकडूनच ना? ज्या दिवशी बाप पैसे मोजतो, त्याच दिवशी मुलाचा गणवेश मळलेला असतो. तो अजून शिवलेलाही नसतो.

मैदान

शारीरिक चाचणी ५० गुणांची. पुरुषांसाठी १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. महिलांसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर. गोळा पुरुषांसाठी ७.२६० किलोचा, महिलांसाठी ४ किलोचा. चाचणीत किमान ५० टक्के गुण हवेत. त्यानंतर गुणवत्तेनुसार एका जागेमागे दहा उमेदवार लेखी परीक्षेला बोलावले जातात. १६०० मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत अंतर कापावे लागते. वेळ आता पायाला किंवा छातीवर लावलेल्या इलेक्ट्रॉनिक चिपवर मोजली जाते, त्यामुळे तेथे कोणाची मर्जी चालत नाही, ही समाधानाची बाब आहे.

या मैदानावर मुले मृत्युमुखी पडली आहेत, हेही विसरू नका. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईतील भरतीत पाच किलोमीटर धावताना काही तरुणांचे प्राण गेले आणि त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. २०२४ च्या जूनमध्येही राखीव दलाच्या भरतीत असा मृत्यू झाला. कारण प्रत्येक वेळी वेगळे असेल. पण जाहिरात आल्यावर दोन महिन्यांत शरीर पिळून काढणारी तयारी, रात्रभराचा प्रवास, उपाशी पोट आणि उकाडा हे सगळे एकत्र आले की धोका वाढतो, हे सांगायला वैद्य लागत नाही. म्हणून तयारी जाहिरातीच्या आधी वर्षभर सुरू करा. पहिले तीन महिने वेगाचा विचार नको. शेजारच्याशी बोलता येईल इतक्या गतीने अंतर वाढवा. आठवड्यातून दोनच दिवस वेगाचा सराव, एक दिवस पूर्ण विश्रांती. डांबरी रस्त्यावर रोज धावलात तर नडगी दुखू लागेल. मातीचे मैदान शोधा. नडगी दुखते आहे तरी 'मर्द' म्हणून धावू नका, हाडाला तडा गेला तर वर्ष वाया जाईल. छातीत धडधडणे, चक्कर, घरात कोणाचा तरुणपणी हृदयविकाराने मृत्यू अशी पार्श्वभूमी असेल तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या.

गोळाफेक ही ताकदीपेक्षा तंत्राची बाब आहे. जाणत्या क्रीडाशिक्षकाकडे महिनाभर शिकलात तरी फरक दिसतो. आणि कोणी 'एक इंजेक्शन घे, थकवा येणार नाही' म्हणून पुढे आला, तर त्याला तेथेच हात जोडा. ज्याला कायद्याचे रक्षण करायचे आहे, त्याने पहिलीच शर्यत चोरून जिंकावी, हे शोभत नाही. आणि ती सुई जिवावरही बेतू शकते.

लेखणीची ताकद

लेखी परीक्षा १०० गुणांची, नव्वद मिनिटांची. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्यज्ञान व चालू घडामोडी आणि मराठी व्याकरण. किमान ४० टक्के गुण आवश्यक. पण स्पर्धा पाहता किमान गुणांचा विचार करणाऱ्याने परीक्षेला बसूच नये. मैदानाचे आणि लेखीचे गुण मिळून निवड यादी लागते. गणित रोज, थोडे, पण न चुकता. वर्तमानपत्र रोज, आणि वाचताना हातात पेन.

मराठीविषयी मात्र मी थोडे अधिक बोलणार आहे, कारण माझे आयुष्य भाषेवर गेले आहे. अनेक मुले व्याकरणाकडे पंचवीस गुणांचा प्रश्न म्हणून पाहतात. पुढे काय होते ते ऐका. शिपाई हवालदार होतो, तपासात मदत करतो, पंचनामा लिहितो, जबाब नोंदवतो. दोन वर्षांनी न्यायालयात बचाव पक्षाचा वकील त्याच कागदावरील एकेका शब्दावर बोट ठेवतो. 'दरवाजा उघडा होता' आणि 'दरवाजा उघडला होता' यांतील फरक ज्याला लिहिताना कळला नाही, त्याच्यामुळे गुन्हेगार सुटू शकतो आणि निरपराध अडकू शकतो. वार्ताहर म्हणून न्यायालयांच्या बाकांवर बसताना मी असे कागद फाटताना पाहिले आहेत. पिस्तुलापेक्षा पोलिसाच्या हातात लेखणी अधिक वेळ असते.

म्हणून एक सोपा सराव सांगतो. रोज एखाद्या चौकात पाच मिनिटे उभे राहा. मग घरी येऊन दहा ओळी लिहा : काय पाहिले, किती वाजता, कोणत्या दिशेला, कोणाच्या अंगावर काय होते. जे पाहिले तेवढेच लिहा. जे वाटले ते लिहू नका. महिन्याभरात तुमची नजर बदलेल आणि भाषाही.

या लेखणीचे महत्त्व आता आणखी वाढले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. यांतील दंड संहिता आणि पुरावा कायदा इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी केलेले होते, त्यांची जागा स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेल्या कायद्यांनी घेतली. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे आवश्यक झाले. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे. गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे जुने उत्तर आता कायद्यात बसत नाही. जो तरुण या तीन कायद्यांची तोंडओळख करून घेऊन प्रशिक्षणाला जाईल, तो पहिल्या आठवड्यापासून इतरांच्या पुढे असेल.

प्रशिक्षण केंद्राच्या दारात

समजा, निवड झाली. मरोळ, खंडाळा, दौंड, जालना, नागपूर, अकोला, लातूर, सोलापूर, तुरची, धुळे अशा एखाद्या केंद्रात नवप्रविष्ट पोलीस शिपाई म्हणून आपण दाखल होता. तेथे दोन वर्ग असतात. बाह्यवर्गात शारीरिक कवायत, संचलन, शस्त्रकवायत, गोळीबाराचा सराव, नि:शस्त्र प्रतिकार. आंतरवर्गात कायदे, संघटन, प्रथमोपचार, गुन्ह्याचा तपास, संगणक. मुलांना भीती बाह्यवर्गाची वाटते, पण अनेकांना जड जाते ती तिसरीच गोष्ट : स्वतःच्या मर्जीवर जगण्याची सवय मोडणे.

ती मोडण्याची तयारी घरीच करता येते. आजपासून पहाटे पाचला उठा आणि उठवायला आईला सांगू नका. स्वतःचे कपडे स्वतः धुवा, बूट स्वतः चमकवा. ताटात पडेल ते खा. दिवसातले चार तास मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. अर्धा तास उन्हात न हलता उभे राहा. हसू नका, बंदोबस्तात बारा-बारा तास उभे राहावे लागते. आणि कोणी मोठ्या आवाजात बोलले तर उलट उत्तर न देता दहा आकडे मोजायला शिका. ज्यांनी लहानपणापासून मैदानावर शिट्टीसरशी रांगेत उभे राहण्याची सवय लावून घेतली आहे, त्यांना कवायत निदेशकाचा आवाज परका वाटणार नाही. परंतु तेवढ्यावर विसंबून राहू नका. तेथे प्रत्येक जण नवखाच असतो.

आणखी एक भ्रम दूर करून जा. केंद्रातून बाहेर पडलात की दुसऱ्या दिवशी गुन्हे शाखेत जाऊन टोळ्या पकडायच्या, असे नसते. मुंबईसारख्या शहरात नवे शिपाई आधी सशस्त्र पोलीस विभागात जातात. पहारा, कैद्यांची ने-आण, मिरवणुका, सभा, निवडणुका, क्रिकेटचे सामने असा बंदोबस्त काही वर्षे करावा लागतो. अनंत चतुर्दशीला सारे शहर बाप्पाला निरोप देत असते, तेव्हा तुम्ही बाप्पाकडे पाठ आणि गर्दीकडे तोंड करून उभे असता. दिवाळीतला अभ्यंगस्नानाचा दिवस ठाण्यात जातो. हे मान्य असेल तरच अर्ज भरा.

गणवेश कोणाचा?

आता तुमच्याशी बोलायचा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. त्यातील क्रम पाहा. सज्जनांचे रक्षण आधी, दुष्टांचे निर्दालन नंतर. दंडुका हे साधन आहे. रक्षण हे प्रयोजन आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणकडील छावणीतल्या अधिकाऱ्यांना धाडलेले पत्र आपण सर्वांनी ऐकले आहे. रयतेच्या धान्याला, भाजीपाल्याला हात लावाल, तर लोकांना शत्रू परवडला असे वाटू लागेल, असा त्या पत्राचा आशय आहे. स्वराज्याचा सैनिक आणि परक्याचा सैनिक यांत महाराजांनी फरक केला तो झेंड्याच्या रंगावरून नव्हे, रयतेशी असलेल्या वागणुकीवरून. आपल्या पोलिसालाही हीच कसोटी आहे. घटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. डी. के. बसू प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेविषयीचे नियम घालून दिले : अटकेची नोंद, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी. काही जणांना हे नियम गुन्हेगाराचे लाड वाटतात. पण निरपराध माणसाच्या मुलाला एखाद्या रात्री चुकीने उचलून नेले, तर त्याच्या आईला आधार याच नियमांचा असतो. ती आई आपल्यापैकीही कोणी असू शकते.

आणि एक गोष्ट मी या व्यासपीठावरून मुद्दाम सांगतो. गणवेश चढवल्यावर तुम्ही आमचे राहणार नाही. संस्कार आमचे घेऊन जा, शिस्त घेऊन जा, राष्ट्राविषयीची भक्ती घेऊन जा. पक्ष, जात, संघटना, ओळखीपाळखी मात्र केंद्राच्या दाराबाहेर ठेवा. उद्या आमचाच मोर्चा परवानगी नसलेल्या रस्त्याने वळला आणि तुम्ही आम्हाला अडवलेत, तर आम्ही 'आपला मुलगा असून अडवतो' असे म्हणता कामा नये. 'आपला मुलगा आहे, म्हणूनच अडवतो' असे आम्हाला अभिमानाने म्हणता आले पाहिजे. कोणत्याही धर्माची, कोणत्याही वस्तीतली वृद्धा ठाण्यात आली तर तिला बसायला खुर्ची द्या आणि तिचे पूर्ण ऐका. राष्ट्र हे अशाच एका एका माणसाचे बनलेले असते.

आता मागच्या रांगांशी

बंधुभगिनींनो, पोलिसांविषयी बोलण्यात आपण मध्यमवर्गीय माणसे कधी कमी पडत नाही. घरफोडी झाली की 'पोलीस काय करतात', वाहतूक खोळंबली की 'पोलीस कोठे असतात'. परंतु घरातला हुशार मुलगा 'मला पोलीस शिपाई व्हायचे आहे' म्हणाला, तर स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाजसुद्धा थांबतो. सैन्यातल्या भाच्याचे छायाचित्र दिवाणखान्यात लागते. शिपाई झालेल्या पुतण्याविषयी मात्र आपण 'सरकारी नोकरीत आहे' एवढेच सांगतो. मुलीच्या लग्नासाठी स्थळ आले आणि मुलगा पोलीस निघाला, की पत्रिका जुळत नाही.

जे खाते आपल्याला सज्जन, सुशिक्षित, सुसंस्कृत हवे आहे, तेथे आपली मुले पाठवायची नाहीत आणि मग ते तसे नाही म्हणून तक्रार करायची, हा व्यवहार प्रामाणिक नाही. किरण बेदी १९७२ मध्ये भारतीय पोलीस सेवेतील पहिल्या महिला अधिकारी झाल्या. रश्मी शुक्ला जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. आपल्या मुलींसाठीही वाट मोकळी आहे. अडसर आपल्या उंबरठ्याचा आहे.

पोलिसांचे जीवन खडतर आहे हे खरे. पण त्यातही सुधारणा आतूनच झाल्या आहेत. २०१६ साली मुंबईत आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्या काळात देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो एका शिपायाने स्वतः मांडलेल्या आराखड्यावरून. विचार करणारी माणसे आत गेली की असे घडते. आणखी माणसे जाऊ द्या.

ज्यांची मुले जाणार नाहीत, त्यांनाही काम आहे. भरतीच्या दिवसांत मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुले मुंबई-पुण्याच्या पदपथांवर, उड्डाणपुलांखाली, फलाटांवर रात्र काढतात आणि पहाटे मैदानावर धावतात. ज्या मुलाकडून आपण उद्या रक्षणाची अपेक्षा करणार, त्याला आज एका रात्रीचे छप्पर आणि वरण-भात देता येऊ नये? प्रत्येक वस्तीत मंगल कार्यालय आहे, शाळेचे सभागृह आहे, मंदिराचा मंडप आहे. मुलींची सोय तर घरांतच झाली पाहिजे. जाहिरात आली की प्रत्येक नगरात दहा घरांची यादी तयार हवी. शाळांची मैदाने पहाटे दोन तास उघडा. निवृत्त शिक्षकांनी गणित आणि मराठी शिकवावे, डॉक्टरांनी तपासणी करावी, वकिलांनी नवे कायदे समजावून सांगावेत. यासाठी फार पैसा लागत नाही, माणसे लागतात. आणि माणसे आपल्याकडे आहेत.

आणि ज्या नव्याण्णव जणांची निवड होणार नाही, त्यांना मोकळे सोडू नका. मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६ मध्ये होमगार्ड उभे राहिले, तेव्हापासून ही संघटना पूर, आग, दंगल, मिरवणूक अशा प्रसंगी पोलिसांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहे. तेथे जा, तेथील सेवेचा उपयोग पुढच्या भरतीतही होतो. अग्निशमन दल, वनखाते, कारागृह, राखीव दल येथेही हेच शरीर आणि हाच अभ्यास लागतो. आणि काहीही झाले नाही, तरी पहाटे उठणारा, निर्व्यसनी, कायदा जाणणारा, पाहिलेले अचूक सांगणारा तरुण ज्या गल्लीत राहतो, त्या गल्लीला त्याचा आधार असतोच.

तरुण मित्रांनो, उद्या पहाटे पाचला मैदानावर कोण येते ते कार्यकर्ते पाहणार आहेत. पालकांनो, आपल्यापैकी किती जण त्या मैदानाचे कुलूप उघडायला येतात, ते मी पाहणार आहे. 

भारत माता की जय!